जखमी वन्य जीव आणि आपली दया



आजच्या विषयाचे नाव वाचून काहींच्या मनात आले असेल की, हा विषय रानात राहणाऱ्यांचा. आम्ही पेठेत आणि आळीत राहणारी माणसे, आमचा आणि वन्य प्राण्यांचा संबंध काय? परंतु थोडे आठवून पाहावे. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी आंब्याच्या फांदीला मांज्यात लटकलेली घार आपण पाहिलेली असते. वैशाखातल्या दुपारी अंगणात मान टाकून पडलेली साळुंकी पाहिलेली असते. मांजराने तोंडात धरून आणलेले खारीचे पिल्लू, खिडकीच्या काचेवर आपटलेला तांबट, वाड्याच्या पडवीत जमिनीवर फडफडणारी पाकोळी, रात्रीच्या मोटारीने उडवलेले उदमांजर, हे सारे वन्य जीवच होत. अशा वेळी आपण जे करतो ते बहुधा दयेने करतो, आणि पुष्कळदा त्या दयेनेच तो जीव दगावतो. तो का दगावतो आणि दगावू नये म्हणून आपण काय करावे, एवढेच मला आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

हंसाची गोष्ट आपण सर्वांनी शाळेत वाचली आहे. देवदत्ताने बाण मारला, सिद्धार्थाने तो काढला, आणि हंस कोणाचा हा वाद राजसभेपुढे गेला. मारणाऱ्यापेक्षा तारणाऱ्याचा हक्क मोठा, असा निकाल लागला. आपल्या मनावर ठसला तो हा निकाल. त्यामुळे जखमी पाखरू उचलून घरी आणणाऱ्याला नकळत वाटू लागते की, हे आता माझे. मुले त्याचे नाव ठेवतात, आजी त्याला दूधभात भरवते, आणि आठ दिवसांनी कोपऱ्यात पिंजरा टांगला जातो. पण ही गोष्ट सांगणारे बहुतेक जण शेवटी आणखी एक गोष्ट सांगतात: बरा झाल्यावर सिद्धार्थाने हंसाला सोडून दिले. निकालाच्या कौतुकात हा शेवट आपल्या स्मरणातून निसटतो. आजच्या कायद्यापुढे तो वाद गेला असता, तर हंस देवदत्तालाही मिळाला नसता आणि सिद्धार्थालाही नसता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे, बेकायदा पकडलेला किंवा बाळगलेला वन्यप्राणी ही शासनाची मालमत्ता ठरते. असा प्राणी कोणत्याही कारणाने ज्याच्या ताब्यात येईल, त्याने अठ्ठेचाळीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा अधिकृत अधिकाऱ्याकडे वर्दी द्यावी, असे त्या कायद्यात सांगितले आहे. तारणाऱ्याकडे तो जीव येतो तो थोड्या वेळापुरती ठेव म्हणून येतो.

प्राणिदयेची आपली परंपरा जुनी आणि मोठी आहे. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखात माणसांची चिकित्सा आणि पशूंची चिकित्सा अशा दोन्हींची व्यवस्था केल्याचा उल्लेख आहे. जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्या, असेही त्यात सांगितले आहे. त्याच लेखमालेतील इतर लेखांचे तुकडे आपल्या सोपाऱ्यालाही सापडले. मुंबईत जमशेटजी जिजीभाई यांच्या पुढाकाराने १८३४ साली पांजरपोळ निघाला. थकलेला बैल, लंगडा घोडा, भाकड गाय यांना मरेपर्यंत वैरणपाणी मिळावे, ही त्यामागची भावना. तिच्याविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु ही दया सांभाळण्याची आहे. माणसाजवळ जन्मलेल्या, माणसाच्या हाताचा विश्वास असलेल्या प्राण्यासाठी ती योग्य आहे. रानातल्या जिवाला हवी असते ती सोडून देण्याची दया, आणि तिचे शास्त्र वेगळे आहे.

ते वेगळे का, हे समजण्यासाठी क्षणभर त्या प्राण्याच्या जागी उभे राहू. आपण जवळ जातो तेव्हा आपल्या डोळ्यांत पाणी असते. त्याला मात्र दिसतो तो दोन डोळे समोर रोखून येणारा, आपल्यापेक्षा कितीतरी मोठा प्राणी. त्याच्या लेखी असा प्राणी म्हणजे शिकारी. आपण त्याच्या पाठीवरून हात फिरवतो तेव्हा तो अगदी निश्चल होतो. आपण म्हणतो, ‘बघा, किती विश्वासाने बसला आहे!’ तो विश्वास नसतो. वाघाच्या पंजात सापडलेले हरिणही असेच निश्चल होते. ते भीतीचे टोक असते. आणि ही भीती नुसती मनात राहत नाही. चितळ, भेकर, ससा यांसारखे प्राणी पाठलागाने आणि धरपकडीने इतके ताणले जातात की, त्यांचे स्नायू आतल्या आत मोडू लागतात, रक्तात विषारी द्रव्ये उतरतात, हृदय आणि मूत्रपिंडे निकामी होतात. वरून एकही जखम नसलेले हरिण पकडल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनीही मरते. गावात शिरलेल्या भेकराला चाळीस माणसांनी मिळून ‘वाचवले’ आणि ते संध्याकाळी गेले, असे ऐकले म्हणजे त्याचे कारण बहुधा हेच असते. म्हणून या विषयातला पहिला धडा: आपले प्रेम त्याला प्रेम म्हणून कळत नाही. आपण जितके कमी दिसू, कमी बोलू आणि कमी हाताळू, तितकी त्याची जगण्याची शक्यता वाढते.

आता प्रत्यक्ष प्रसंगाकडे वळू. पहिला प्रश्न स्वतःला विचारायचा तो हा, की या जिवाला खरोखर मदतीची गरज आहे काय?

सध्याचे दिवस पाखरांच्या विणीचे. बुलबुल, साळुंकी, दयाळ यांची पिल्ले अंगावर पिसे आली की घरट्यातून बाहेर उतरतात. शेपूट अजून आखूड, उडणे अर्धवट. ती जमिनीवर, कुंपणावर टुणटुण उड्या मारत हिंडतात. आपल्याला वाटते, बिचारे पडले. ते पडलेले नसते, शिकत असते. आईबाप जवळच्या झाडावर चोचीत किडा धरून आपण कधी जातो याची वाट पाहत असतात. अशा पिल्लाला घरी आणणे हे दयेच्या भरात केलेले अपहरणच म्हटले पाहिजे. मांजर किंवा कुत्रे जवळ असेल तर पिल्लाला उचलून शेजारच्या दाट झुडपात किंवा फांदीवर ठेवावे आणि आपण दूर व्हावे. पिसेच न फुटलेले पिल्लू खाली आले असेल, ते धडधाकट असेल आणि घरटे हाताला येत असेल, तर ते घरट्यात परत ठेवावे. माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असा समज आपल्याकडे सर्वत्र आहे. तो खरा नाही. पोटच्या पिल्लाची हाक पक्ष्याला माणसाच्या वासापेक्षा कितीतरी अधिक मोलाची असते.

पाकोळीची गोष्ट निराळी. तिचे पाय इतके आखूड, की सपाट जमिनीवरून तिला सहसा उडताच येत नाही. जखम नसेल तर तिला उघड्या तळहातावर घेऊन उंच, मोकळ्या जागी हात स्थिर धरावा. तिला जायचे असेल तर ती आपण होऊन झेप घेईल. वर फेकू मात्र नये. जुन्या देवळाच्या किंवा गिरणीच्या माळ्यावर गव्हाणी घुबडाची पिल्ले दिसतात. म्हाताऱ्या माणसासारखे पांढरे तोंड आणि फुसफुसणारा आवाज. त्यांना पाहून कोणी अपशकुन म्हणून काठी उचलतो, तर कोणी अनाथ समजून खाली आणतो. दोघांनीही त्यांच्या वाटेस जाऊ नये. रात्री आईबाप उंदीर घेऊन येतात, आणि ते उंदीर आपल्याच धान्याचे चोर असतात.

हाच नियम बिबट्यालाही लागू पडतो. जुन्नर, आंबेगाव भागात उसाची तोड सुरू झाली की फडात बिबट्याचे बछडे सापडतात. आई भक्ष्य शोधायला गेलेली असते किंवा माणसांच्या गलक्याने बाजूला झालेली असते. पूर्वी असे बछडे थेट पिंजऱ्यात आणि तेथून प्राणिसंग्रहालयात जात. आता वनखात्याची माणसे आणि त्यांच्याबरोबर काम करणारे पशुवैद्य बछडे तपासतात आणि अंधार पडताच त्याच जागी एका खोक्यात ठेवून दूर थांबतात. रात्री आई येते, मानगुट धरते आणि एकेक पिल्लू घेऊन जाते. लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यांनी असे प्रसंग टिपलेले आहेत. यात शेतकऱ्याचाही स्वार्थ आहे. पिल्ले हरवलेली मादी त्या शिवारात घुटमळत राहणे कोणाच्याच हिताचे नाही.

समजा, प्राणी खरोखरच जखमी आहे. रक्त दिसते आहे, पंख लोंबतो आहे, पाय ओढतो आहे, तोंड उघडे टाकून धापा टाकतो आहे, किंवा आपण जवळ गेलो तरी हलत नाही. मांजराने धरलेले पाखरू तर वरून धड दिसले तरी जखमीच समजावे. मांजराच्या दातांचे छिद्र सुईएवढे असते, पण त्यातून शिरलेले जंतू एकदोन दिवसांत पाखराचा जीव घेतात. वेळेवर औषध मिळाले तरच ते वाचते. अशा वेळी काय करावे? काम पाच मिनिटांचे आहे, आणि त्यातले निम्मे काम न करण्याच्या गोष्टींचे आहे.

प्रथम गर्दी हटवावी. मुलांना, कुत्र्यांना आणि हौशी छायाचित्रकारांना दूर करावे. मग एक पुठ्ठ्याचे खोके घ्यावे. लहान पाखराला चपलांचे खोके पुरते, घारीला मोठे लागते. प्राणी आत ठेवण्याआधीच त्याला हवेसाठी भोके पाडावी. नंतर पाडली तर प्रत्येक भोसका त्याच्या काळजाला लागतो. तळाशी जुने सुती कापड अंथरावे, म्हणजे पाय घसरत नाहीत. तारेचा पिंजरा घेऊ नये. त्यावर धडका देऊन पाखरू पिसे मोडून घेते आणि बाहेरचे सारे त्याला दिसत राहते. आता पंचा किंवा टॉवेल हळूच त्याच्या अंगावर, डोक्यासकट टाकावा. अंधार झाला की बहुतेक पक्षी शांत होतात. पंख अंगाशी मिटवून दोन्ही हातांनी उचलावे, पण छाती आवळू नये. आपल्याप्रमाणे पक्ष्याच्या पोटात श्वासपटल नसते. छातीचे हाड वरखाली होते तेव्हाच त्याचा श्वास चालतो. घट्ट धरलेले पाखरू आपल्या मुठीतच गुदमरते, आणि आपण म्हणतो, धक्क्याने मेले! घार आणि घुबड यांची नखे सांभाळावी. बगळा आणि ढोकरी यांच्या चोचीपासून डोळे सांभाळावे. खोके बंद करावे आणि घरातल्या सर्वांत शांत खोलीत ठेवावे. उन्हाळा असेल तर थंड, हवेशीर जागी. पौषातली थंडी असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूस ठेवावी, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला दूर सरकता येते.

आणि मग, भगिनींनो आणि बंधूंनो, सर्वांत अवघड गोष्ट करावयाची. ते खोके पुन्हापुन्हा उघडून पाहावयाचे नाही.

आता पाण्याविषयी. जखमी जिवाच्या तोंडात पाणी घालणे हे आपल्या रक्तातच आहे. एकनाथांनी काशीहून आणलेल्या कावडीतली गंगा तहानेल्या गाढवाला पाजली, ही कथा ऐकून आपण वाढलो. पण तेथे प्राणी माणसाळलेला होता, शुद्धीवर होता आणि आपल्या तोंडाने पीत होता. पक्ष्याची रचना वेगळी. त्याच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या अगदी मुळाशी उघडते. चोच फाकून चमच्याने घातलेले पाणी अन्ननलिकेत जाण्याऐवजी सहज श्वासनळीत उतरते. ज्याचा पंखच मोडला होता, ते पाखरू आपल्या चमच्याने बुडून मरते. म्हणून चोच कधीही उघडू नये. उन्हाने मूर्च्छा आलेले पाखरू सावलीत ठेवून सावध झाले, उभे राहिले, तर उथळ बशीत पाणी समोर ठेवावे. प्यायचे तर ते पिईल. दूध तर कोणत्याच पाखराला देऊ नये. दूध पचवण्याची सोय निसर्गाने पक्ष्याला दिलेली नाही. खारीच्या किंवा सशाच्या पिल्लालाही गाईचे दूध बाधते. भात, पोळी, पाव, बिस्किट यांचा मोह आवरावा. थंड पडलेल्या, धक्क्यात असलेल्या शरीरात घातलेले अन्न पचत नाही, उलट तेच जिवावर उठते.

हळदीचेही तसेच. आपल्या बोटाला हळद आणि तेल लावणे ठीक आहे. पक्ष्याच्या पिसांना तेल किंवा मलम लागले की पिसे एकमेकांना चिकटतात. त्यांतली ऊब जाते आणि उड्डाणही जाते. मोडलेल्या पंखाला काडीने बांधू नये. पाखराचे हाड फार झपाट्याने जुळते, दोनतीन आठवड्यांत धरते. म्हणूनच ते पहिल्या दोनचार दिवसांत जाणत्या हातांनी सरळ बसवावे लागते. आपण बांधले आणि किंचित वाकडे जुळले, तर घरगुती कोंबडीचे काही अडणार नाही. परंतु झडप घालून पोट भरणारा शिक्रा त्या किंचित वाकडेपणाने उपाशी मरेल. मांज्यात अडकलेल्या पक्ष्याचा दोरा ओढून काढू नये. ओढाल तितका तो मांसात शिरतो. पक्ष्याला खालून आधार द्यावा, दोन्हीकडचा दोरा कात्रीने तोडावा आणि जखमेत रुतलेला तुकडा तसाच ठेवून वैद्याकडे न्यावे. पक्षी उंच फांदीवर असेल तर आपण चढू नये, अग्निशामक दलाला बोलवावे.

काही प्राण्यांना मात्र आपण हातच लावू नये. माकड, वानर, कोल्हा, मुंगूस, वटवाघूळ, रानडुक्कर, साप आणि बिबट्या ही त्यांची नावे. यांच्या बाबतीत आपले काम पहाऱ्याचे. जखमी साप हा सापच असतो. तोडलेल्या डोक्यानेही घोणस चावू शकते. सस्तन प्राण्याचा दात लागला, ओरखडा जरी उठला, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन पिसाळीची लस सुरू करावी. या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. आधी घेतलेली लस मात्र वाचवते. बिबट्या विहिरीत पडला म्हणजे तर सारा गाव काठावर जमतो. आत तो पोहून दमलेला, वर हजार माणसांचा कल्ला. वनखात्याची माणसे दोराने बाज खाली सोडतात, तो तिच्यावर टेकतो, मग पिंजरा उतरवतात. या साऱ्याला लागते ती शांतता. ज्याला मदत करावयाची आहे त्याने अशा वेळी विहिरीकडे जाऊ नये आणि चार जणांना जाऊ देऊ नये. ही मदत कोणाला दिसत नाही, पण ती मोलाची असते.

कळवावयाचे कोणाला? महाराष्ट्रात वनखात्याचा १९२६ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तालुक्याच्या गावी वनक्षेत्रपालांची कचेरी असते. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वनखात्याचे वन्य प्राण्यांसाठी उपचार केंद्र आहे, पुण्याला बावधनला असे केंद्र चालते, आणि जाळ्यांत सापडून जायबंदी झालेल्या सागरी कासवांसाठी डहाणूला सोय आहे. कोकणच्या किनाऱ्यावर असे कासव दिसले तर त्याला पुन्हा पाण्यात लोटू नये. थकलेले कासव बुडते. त्याच्या पाठीवर ओले फडके टाकावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्या, सावली करावी आणि वर्दी द्यावी. रात्री कोणी भेटले नाही, तर खोके तसेच अंधारात ठेवून सकाळी जवळच्या पशुवैद्याकडे जावे. काही सज्जन म्हणतात, वर्दी दिली तर उगाच आपल्यामागे चौकशीचे शुक्लकाष्ठ लागेल. ही भीती बाळगू नये. कायद्याला वर्दीच हवी आहे. त्याला चालत नाही ते बाळगणे. आणि प्राणी सोपवताना तो नेमका कोठे सापडला ते सांगावे: कोणत्या विहिरीजवळ, कोणत्या झाडाखाली. बरा झाल्यावर त्याला तेथेच परतावयाचे असते. तेथले पाणी, भक्ष्य, लपण्याच्या जागा त्याला ठाऊक असतात. जुन्नर भागात २००१ ते २००३ या काळात पुष्कळ बिबटे पकडून दूर नेऊन सोडले. माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले. परक्या मुलखात टाकलेले जनावर भांबावते. घारीचे आणि धामणीचेही तेच.

येथे कोणी विचारील, इतके सोपस्कार करण्यापेक्षा आम्ही घरीच जीव लावून वाढवला तर काय बिघडले? बिघडते ते असे. कोनराड लोरेंत्स या शास्त्रज्ञाला १९७३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. अंड्यातून बाहेर येताच ज्या हंसजातीच्या पिल्लांनी त्याला प्रथम पाहिले, ती त्यालाच आई समजून त्याच्यामागे चालू लागली, हे त्याचे प्रसिद्ध निरीक्षण. माणसाला आपले मानणारे पिल्लू मोठेपणी आपल्या जातीत मिसळत नाही, भक्ष्य मारायला शिकत नाही आणि माणसाला भीत नाही. माणसाला न भिणारे कोल्ह्याचे पोर गावात येते आणि काठीने मरते. आपल्या कित्येक घरांत पिंजऱ्यातला मिठू ‘विठ्ठल विठ्ठल’ म्हणत असे, आणि त्यात कोणाला पाप वाटत नसे. आज तो पोपट पाळणे गुन्हा आहे. कायद्याने गुन्हा म्हटले म्हणून नव्हे, तर ज्याने थव्याबरोबर उडत शेकडो झाडे पाहावयाची, त्याने आयुष्यभर एक दांडी पाहिली, म्हणून ते वाईट.

आणखी एक कठीण गोष्ट सांगितली पाहिजे. सगळे जखमी जीव वाचत नाहीत. ज्या घारीचा पंख खांद्यापासून तुटला, ज्या हरिणाचा कणा मोडला, त्यांना पशुवैद्य कधी कधी वेदनेविना मरण देतो. आपल्या संस्कारांना हे जड जाते. ‘जीव द्यायला नेला आणि यांनी घेतला,’ असे आपण म्हणतो. पण ज्याला उठता येत नाही, त्याने पिंजऱ्यात प्रत्येक पावलाच्या आवाजाने दचकत वर्षे काढावयाची, हे जगणे कोणासाठी? पुष्कळदा ते आपल्या समाधानासाठी असते. जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे निवारा केंद्र आहे. रानात परत जाऊ न शकणारी जनावरे तेथे राहतात, त्यांची देखभाल चांगली होते. तरीही ज्याच्या वाट्याला पुन्हा शिवार येते, त्याचे नशीब निराळेच. तेव्हा हा निर्णय जाणकारावर सोपवावा आणि त्याला दोष देऊ नये.

शेवटी, जखमेवर उपचार करणारा समाज जखमा करणे थांबवणार की नाही, हाही प्रश्न आहे. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ साली देशभर बंदी घातली. तरी संक्रांतीला तो आपल्याच मुलांच्या फिरक्यांवर दिसतो. उघड्या विहिरीला कठडा बांधला तर बिबट्याही वाचतो आणि घरची शेळीही. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांना खालून जाण्यासाठी नऊ वाटा ठेवल्या आहेत, आणि त्यांतून वाघ, चितळ, गवे जाताना कॅमेऱ्यांत दिसले आहेत. वाट ठेवली तर प्राणी ती वापरतो. हे शासनाचे काम झाले. आपले काम लहान आहे: फिरकीवर साधा सुती दोरा, गच्चीवर उथळ भांड्यात रोज बदललेले पाणी, विणीच्या दिवसांत झाडे न छाटणे.

आपण सर्वांनी घरी गेल्यावर एवढे करावे, अशी माझी विनंती आहे. माळ्यावर एक रिकामे खोके आणि जुना टॉवेल वेगळा काढून ठेवावा, आणि १९२६ हा आकडा दाराजवळच्या भिंतीवर लिहावा. मुलांनी एखादे पाखरू ओंजळीत घेऊन धावत आणले, तर त्यांना रागावू नये. त्यांच्या मनात जे जागे झाले आहे ते चांगलेच आहे. त्यांच्या हातून खोके बंद करवावे, दिवा मालवावा, आणि दाराबाहेर त्यांच्याबरोबर गप्प बसावे. ते पाखरू वाचले तरी आपल्याला ओळखणार नाही. बरे झाल्यावर ते कोठे गेले, याची वार्ताही बहुधा आपल्यापर्यंत येणार नाही. मुलांना हे आधीच सांगावे. परतफेडीची आशा न धरता काही करावे, हे आपण त्यांना पुष्कळदा तोंडाने शिकवतो. ते करून दाखवण्याची संधी अशी क्वचितच दारात चालून येते.